आजगावकर बाईंचं वाक्य

सरला आजगावकर आमच्या हायस्कुलात मराठी शिकवायच्या आणि मी शेजारच्या वर्गात गणित. त्या कविता म्हणायला लागल्या की आवाज भिंतीपलीकडे यायचा आणि माझी मुलं गुणाकार सोडून तिकडे कान लावायची.

यज्ञेश त्यांचा विद्यार्थी. आठवीत असताना चार माणसांसमोर उभा केला तरी तो अडखळायचा. बाईंनी वर्षभर त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. श्वास कुठे घ्यायचा, कुठे गप्प व्हायचं, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघून कसं बोलायचं, सगळं शिकवलं. सावंतवाडीच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये जत्रेतलं गुळाचं खाजं वाटलं होतं.

वीसेक वर्षांनी त्याच यज्ञेशने मातृभू रक्षा दल काढलं. सुरुवातीला रक्तदान शिबिरं घेतली, पुरात सापडलेल्यांना मदत केली. मग हळूहळू त्याच्या भाषणांत ‘बाहेरची माणसं’ यायला लागली. पोरांना नोकऱ्या नाहीत, कशामुळे? बाहेरच्यांमुळे. काजू चोरीला जातात, कशामुळे? बाहेरच्यांमुळे. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. तो घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, “बाई, माझ्यासाठी लिवशात?” आपला अडखळणारा पोरगा हजारो लोकांसमोर बोलतो याचं बाईंना कौतुक होतं. त्या त्याची भाषणं लिहू लागल्या.

त्यांचे पती काशिनाथराव यांना ते आवडत नसे. ते एवढंच म्हणायचे, “तू लिवतंस, तो बोलता. पण लोक काय आयकतत तां कधी बगलंस?”

कट्टा गावच्या सभेत बाईंनी ते ऐकलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘पाहुण्याला पानात वाढू, पण घर आमचं आहे.’ यज्ञेशने पहिला अर्धा भाग गाळला. “घर आमचं आहे!” तो ओरडला आणि मैदान तीन वेळा तेच ओरडलं. मीही टाळ्या वाजवल्या. बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांचे हात मांडीवरच राहिले. तरी पुढचं भाषणही त्यांनी लिहून दिलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, काही न लपवता.

तो आमदार झाला. दुकानांवर दलाचा फलक आला, शाळांच्या प्रार्थनेत दलाची शपथ आली. प्रश्न विचारणारा गद्दार ठरू लागला. सभेचा खर्च कोण करतं असं छापणाऱ्या एका वार्ताहराची मोटरसायकल विहिरीत सापडली. ती कोणी टाकली हे सगळ्यांना माहीत होतं, बोललं मात्र कोणीच नाही.

मग दलाची माणसं आमच्या गावातले बागायतदार भाई यांच्या आंब्याच्या बागेवर गेली. तिथे धनबहादूर आणि त्याची बायको विष्णुमाया हे नेपाळी जोडपं चौदा वर्षं राखण करत होतं. भाई धावत बाईंकडे आले.

“बाई, आठ दिवसांत जावा म्हणतत. गेटार उभे ऱ्हवान तुमचांच वाक्य आरडतत. तुमी सांगा त्येका, तुमचां आयकतलो तो.”

बाई यज्ञेशच्या कार्यालयात गेल्या. दोन तास बसवून ठेवल्यावर त्याने आत बोलावलं. खोलीत माणसं होती, म्हणून तो मालवणी सोडून शुद्ध मराठीत बोलला. “बाई, तुमचा मान आहेच. पण हा लोकांचा निर्णय आहे. आणि ते वाक्य आता तुमचं राहिलेलं नाही.”

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव आला की गावात बाहेरचा राखणदार ठेवायचा नाही. बाई उभ्या राहिल्या. आयुष्यभर सभेत प्रमाण मराठी बोललेल्या बाई त्या दिवशी मालवणीत बोलल्या. “घर आमचां आसा, ह्यां वाक्य माझां. मी लिवलंय. चुकलंय मी. त्या दोघांनी आमचां काय एक वायट केल्यानी नाय.”

कोणीतरी मागून शिट्टी मारली. विरोधात दोन हात वर झाले, बाईंचा आणि भाईंचा. माझा झाला नाही. मी तिसऱ्या रांगेत बसून माझ्या चपलांकडे बघत होतो. चार दिवसांनी धनबहादूर आणि विष्णुमाया दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन कुडाळच्या एसटीत बसले.

बाईंच्या फाटकावर डांबर फासलं गेलं. शिकवणीची मुलं यायची थांबली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण सगळ्या जुन्या शिक्षकांना आलं, त्यांना आलं नाही.

यज्ञेश पडला तो बाईंमुळे नव्हे. मोठं झाल्यावर त्याला आपल्याच माणसांचं बोलणं सहन होईना. भर सभेत त्याने दलाच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याच्या मुस्कटात मारली. त्याचा व्हिडिओ घरोघरी गेला. उजवा हात समजला जाणारा ओंकार अर्धं दल घेऊन बाहेर पडला आणि निवडणुकीत यज्ञेश तिसऱ्या नंबरवर गेला. कट्टा गावच्या एसटी स्टॅंडवर ज्यांनी त्याचे फलक बांधले होते, त्यांनीच ते फाडून फटाके लावले.

आठवड्याने ओंकार बाईंच्या ओटीवर आला. “बाई, त्येच्या विरोधात एक भाषण होया. तुमच्याशिवाय कोण लिवतलो?”

“आणि मगे तू काय करतलंस?” बाईंनी विचारलं. बाईंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

यज्ञेशबद्दल त्या वाईट बोलत नाहीत. तो घरातच असतो, कोणी जात नाही. बाई एकदा जाऊन आल्या. काय बोलणं झालं हे मी विचारलं नाही.

गेल्या वैशाखात भाईंना कुठूनतरी विष्णुमायेचा फोन नंबर मिळाला. बाईंनी मला बोलावून घेतलं, कारण त्यांना हिंदी नीट येत नाही. पण बोलल्या त्या स्वतःच, मोडकंतोडकं. “हमारा गलती हुआ,” असं त्या म्हणाल्या. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज मला समोर बसून ऐकू येईना.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून विष्णुमायेने विचारलं, यंदा बागेत मोहोर कसा आला होता, विहिरीजवळचं कलम अजून आहे का. बाईंनी सांगितलं, आहे. धनबहादूर कसा आहे असं बाईंनी विचारलं. तो इथेच बसलाय, असं ती म्हणाली. विष्णुमायेने त्याला हाक मारल्याचं आम्हाला ऐकू आलं. तो फोनवर आला नाही.