सेन्सर म्हणतो, हवा कमी

जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि ती. माझे वडील रेल्वेत, बदली होऊन अकोल्याहून जयपूरला आलेले. मी तिथल्या शास्त्री नगरातच वाढलो, त्यामुळे माझ्या मराठीत दर दोन वाक्यांमागे एक ‘मतलब’ यायचा. ती कोल्हापूरकडची, इंजिनिअर होऊन थेट इथे नोकरीला आलेली. माझ्या मराठीला ती हसायची आणि तिच्या हिंदीला अख्खं वर्कशॉप. अवजड यंत्रांच्या दुरुस्तीत तेव्हा मुली नव्हत्याच, म्हणून गिऱ्हाइकं तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बघून द्यायची. मला त्याचा राग यायचा. तिला येत नसे, आणि त्याचाही मला राग यायचा.

दोन हजारच्या दशकाची ती शेवटची वर्षं. धुराचे नियम कडक होत होते आणि खडी-माती उचलणाऱ्या लोडरच्या डिझेल इंजिनांत नुकतेच कॉम्प्युटर आणि सेन्सर शिरले होते. इंजिन किती हवा घेतंय वगैरे सेन्सरने कळवायचं, आणि काही बिनसलं की कॉम्प्युटरने पिवळी बत्ती लावून इंजिनाची ताकद उतरवायची, म्हणजे काळा धूर सुटत नाही. ऐकायला छान. पण खडीच्या क्रशरवर भर दुपारी लोडरची ताकद निम्मी झाली की मालकाच्या तोंडून काय काय निघतं, ते फोनवर आम्हाला ऐकावं लागे. आमचा उपाय ठरलेला होता. बत्ती ज्या सेन्सरचं नाव घेईल तो बदलायचा आणि निघायचं.

शहराबाहेर, झोटवाड्याच्या बऱ्याच पुढे, डोंगर पोखरून चाललेल्या एका क्रशरवरच्या लोडरपुढे मात्र आम्ही हात टेकले. हवा मोजणारा सेन्सर दोनदा बदलून झाला. आम्ही गेलो की मशीन ठणठणीत, आम्ही परतलो की पुन्हा बत्ती. शेवटी मालकाने आपल्यापुरता निकाल लावून टाकला. लोडर चालवणारे उस्ताद साठीकडे झुकलेले. मालकाचं म्हणणं, याला आरामाची चटक लागलीय, हाच वायर काढून ठेवतो. “आज शाम तक बता दो,” तो उस्तादांच्या समोरच आम्हाला म्हणाला, “नहीं तो कल से दूसरा आदमी.” उस्ताद फडक्याने हात पुसत खाली बघत राहिले. नव्या मशीनशी खोडसाळपणा केला असा बोभाटा झालेल्या म्हाताऱ्याला त्या भागात पुन्हा कोणी काम दिलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मालक शहरात निघून गेला. तिने लॅपटॉप जोडला आणि जुन्या नोंदी वाचत बसली.

“वायर काढली असती तर कॉम्प्युटरनं सेन्सर सापडत नाही म्हटलं असतं की. तसं एकदाबी नाही. सेन्सर म्हणतो, हवा कमी.”

“मतलब सेन्सर खराब. तिसरा लाव अन् चाल घरी.”

“सगळे सेन्सर एकच खोटं बोलतील व्हय रे?”

मग आम्ही हवेची सगळी वाट तपासली. फिल्टर स्वच्छ, पाइप घट्ट, कुठे चीर नाही. इंजिन जोरात फिरवलं तरी हवा पुरेपूर. मशीन तर इतकं पुसलेलं, की पायरीवर पाय ठेवायला संकोच वाटावा. मी पाने-पक्कड गोळा करायला लागलो. ती कंबरेवर हात ठेवून लोडरकडे बघत म्हणाली, “पाहुणे आले की घरातली पोरं कशी शहाण्यासारखी बसतात, तसं चाललंय ह्याचं. थांबूया.”

लॅपटॉप नोंद घेत केबिनमध्ये राहिला. उस्तादांना तिने सांगितलं, तुम्ही रोजच्यासारखं काम करा, आम्ही मध्ये येत नाही. आणि ही बाई सरळ कडुनिंबाखाली मजुरांच्या खाटेवर जाऊन बसली. माझं डोकं तापलं. “तू काहून बसून राह्यली वं इथं? काम काय आपलं?” तिने लक्षच दिलं नाही. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बायकांशी ती लसणाच्या चटणीवरून वाद घालत होती, कोल्हापूरची तिखट की इथली. जेवली त्यांच्यातच. सुरुवातीला मैडमजी, मैडमजी करणाऱ्या त्या बायका जेवण होईपर्यंत तिच्यादेखत एकमेकींची उणीदुणी काढू लागल्या. मग ओढणी तोंडावर घेऊन ती आडवी झाली. उस्ताद अधूनमधून आमच्याकडे बघायचे, तेही हळूहळू थांबलं.

दुपारी वारा सुटला आणि खडीची पांढरी धूळ समोरचं दिसू देईना. उस्ताद खाली उतरले. सीटखालून त्यांनी एक विटकी लाल ओढणी काढली, पाण्यात भिजवली, आणि बॉनेटवर छत्रीसारखी टोपी असते, जिथून इंजिन हवा ओढतं, तिच्याभोवती दुहेरी गुंडाळून करकचून बांधली. थोड्या वेळाने ढिगावर चढताना लोडर कण्हला. बत्ती लागली असणार, कारण उस्ताद पुन्हा उतरले आणि त्यांनी ओढणीची आणखी एक घडी त्या टोपीवर चढवली. मी ओरडायला उठलो, तर माझी बाही कोणीतरी धरलेली. ती जागीच होती.

आम्ही लोडरपाशी गेलो. ती शांतपणे म्हणाली, “उस्तादजी, ये रोज बांधते क्या?”

“रोज, मैडमजी. घरवाली की पुरानी ओढ़नी है. धूल देखो कितनी है, नया फिल्टर टाइम पे मिलता नहीं. बत्ती जलती है तो समझ जाता हूँ धूल अंदर गई, एक तह और लगा देता हूँ.”

“और हम आते तब?”

“तब खोल देता हूँ.” उस्तादांना प्रश्नच विचित्र वाटला. “मेहमान के सामने मशीन का मुँह बाँध के रखूँ, अच्छा लगता है क्या?”

मला हसू आवरेना. तिने माझ्याकडे असं बघितलं की ते आवरलं. मग ती तिच्या त्या मोडक्या हिंदीत समजावत बसली, ओल्या कापडातून मशीनला श्वास कसा पुरत नाही, सेन्सर तेच कसं सांगत होता. उस्तादांना पहिल्याच वाक्यात कळलं. त्यांचा चेहरा पडला. “तो बिगाड़ी मैंने ही,” ते म्हणाले आणि ओढणी सोडायला लागले.

संध्याकाळी मालकाची जीप दिसली तेव्हा मी तिला हळूच म्हटलं, “वायर ढिली होती म्हण. खतम विषय.”

“मग इंजिन त्यांनी जपलं, ते कोण सांगणार?”

तिने तोंड उघडायच्या आत उस्तादच पुढे झाले. “सेठजी, गलती मेरी निकली. कल से नहीं आऊँगा.” आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मालकाला तिने आवारातल्या दुसऱ्या, जुन्या लोडरपाशी नेलं, फिल्टरच्या मागचा पाइप सोडला आणि आतून बोट फिरवलं. बोट पिठात बुडवल्यासारखं राखाडी झालं. मग उस्तादांच्या लोडरचा पाइप सोडून दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. ते निघालं तसंच स्वच्छ. दोन्ही बोटं तिने मालकाच्या डोळ्यांसमोर धरली.

“बत्ती इनके कपड़े से लगा. इंजन भी इनके कपड़े से बचा. धूल का अलग टोपी आता है, वो लगाओ. आदमी मत बदलो.”

एरवी तिच्या अशा हिंदीवर वर्कशॉप आडवं व्हायचं. तिथे कोणी हसलं नाही. इतकं स्वच्छ काम आणि त्याहून स्वच्छ बोलणं मी तोवर पाहिलं नव्हतं. तिचा मला फार अभिमान वाटला, आणि गंमत म्हणजे मालक पहिल्यांदाच तिच्याकडे बघून ऐकत होता.

त्याने उस्तादांच्या हातातली किल्ली घेतली नाही. “जेब में रख,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “कल से उस मशीन का फिल्टर भी तू ही देखेगा.” आणि तो ऑफिसकडे वळला.

उस्तादांनी मान हलवली. ते चालत लोडरच्या पलीकडे गेले आणि मोठ्या टायरला डोकं टेकून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी तिकडे निघालो तशी तिने मानेनेच नको म्हटलं. आम्ही त्यांच्याकडे पाठ केली, आणि एरवी क्षणात आवरणाऱ्या वायरी कितीतरी वेळ गुंडाळत राहिलो.