आईच्या मनगटावरचे डाग

पहिल्या बाळंतपणासाठी मी जयसिंगपूरहून कोल्हापूरला माहेरी आले, ते साल सत्तरच्या पुढचं. वडील गेल्यापासून आई मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातच खानावळ चालवायची. कॉलेजची मुलं, कचेरीतले कारकून जेवायला येत. आई वाढायला लागली की तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचा.

त्या खेपेला ऐन उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचं पोलकं घालून वाढत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "चुलीची झळ लागती."

एका दुपारी आमटी वाढताना बाही वर सरकली. मनगटावर जांभळट, चपटे, चकाकणारे डाग होते. समोर बसलेले एक कारकून आमच्याकडे कित्येक वर्षं जेवत होते. त्यांनी घास तसाच ठेवला.

"मावशी, हाताला काय झालंय?"

"काय न्हाय. भाजलंय."

ते अर्ध्या ताटावरून उठले आणि पुन्हा आले नाहीत. मग आणखी काहीजण यायचे बंद झाले. तोंडावर कुणी बोललं नाही, पण नळावर पाणी भरताना दोघी बायका एकमेकींना सांगत होत्या तो शब्द मी ऐकला. महारोग.

आईनंही तो ऐकला असणार. तिनं स्वतःचं ताट-वाटी वेगळी काढली आणि खानावळ बंद केली. माझा मुलगा जन्मला, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या पोरांना न्हाऊ घातलेली ही बाई स्वतःच्या नातवाला हात लावेना. शेजारच्या काकू येऊन त्याला अंघोळ घालायच्या आणि आई दारात उभी राहून लांबूनच, "डोकं धर, डोकं धर नीट!" म्हणून ओरडायची.

"आई, घे की त्याला."

"मी न्हाय घेत. तू घे."

एकदा मी मागच्या दारी असताना बाळ रडायला लागलं. धावत आत आले, तर आई पाळण्याशी उभी. हाताला पदर गुंडाळून ती नुसती दोरी ओढत होती आणि बाळाच्या बरोबरीनं रडत होती. मग मी ठरवलं, हिला आता डॉक्टरकडे न्यायचंच.

"आन् डॉक्टरनं व्हय म्हटलं तर?" तिनं विचारलं. तरी दुसऱ्या दिवशी बाळाला काखोटीला मारून मी तिला रिक्षात बसवलं.

कातडीचे एक डॉक्टर मुंबईत शिकून नुकतेच गावात आले होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी आईला डोळे मिटायला सांगितलं आणि डागांवर कापूस फिरवला. प्रत्येक वेळी आई म्हणाली, "लागतंय की." मग त्यांनी एका डागावर तेलाचा थेंब सोडला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि जाड भिंग धरून वाकले. शेवटी त्यांनी आईला आ करायला लावून गालाच्या आतली बाजू पाहिली आणि हसले.

"मावशी, हा महारोग नाही. त्यात डागावर कापूस फिरवलेला कळत नाही, तुम्हाला कळतोय. महारोग असता तरी घाबरायचं कारण नव्हतं, त्यालाही औषध आहे. पण हा तो नाहीच. या, तुम्हीच बघा."

त्यांनी भिंग आईच्या डोळ्यासमोर धरलं. आई बघतच राहिली.

"ह्यात पांढऱ्या रेघा हायत. जाळं विणल्यागत."

"तीच याची खूण. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेल लावलं की वरची कातडी काचेसारखी होते आणि आतली जाळी दिसते. तुमच्या गालाच्या आतही तशीच आहे. याला लायकेन प्लॅनस म्हणतात. खाज येते, डाग पडतात, पण कुणाला लागत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"ह्याला घेतलं तर?" तिनं माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बोट केलं.

"आत्ता घ्या."

तरीही तिनं आधी कोपऱ्यातल्या नळावर हात खसाखसा धुतले. मग बाळाला घेऊन असं छातीशी धरलं की डॉक्टरांनाच, "जरा हळू, मावशी," म्हणावं लागलं.

मलम सुरू झालं आणि मधूनमधून दाखवायला जाणंही. दर खेपेला तेलाचा थेंब आणि भिंग. डॉक्टर म्हणायचे, "जाळी विरत चाललीय." आई म्हणायची, "बघू," आणि भिंग त्यांच्या हातातून ओढून घ्यायची. मी सासरी परतेपर्यंत जांभळा रंग जाऊन मनगटावर तपकिरी डाग तेवढे उरले होते. खानावळ पुन्हा सुरू झाली होती. जे विचारत त्यांना आई बाही वर करून सगळं सांगायची, जे विचारत नसत त्यांना त्याहून मोठ्यानं. काही जुने लोक परतले, काही नाही. ते कारकून नाहीच आले.

शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "आता यायची गरज नाही. जाळीचा मागमूस नाही."

"असं कसं? दुसरा हात कुठं बघिटला?" असं म्हणून आईनं तो त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.