उकंडरावांचा खांदा

उकंडराव आमदार होण्याआधी कुणाच्याही मयतीला सगळ्यांत आधी पोचत. आमदार झाल्यावरही पोचतात, फक्त आता जीपने. वऱ्हाडातल्या आमच्या मालेगावच्या बाजूला कुणालाही विचारावं की या गृहस्थांनी इतक्या वर्षांत काय केलं, तर माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, आमच्या बाच्या मौतीले आलते ना. असं म्हणणारा माणूस मतही देतो. या माणसाची हकीकत मला जेवढी ठाऊक आहे तेवढी लिहून ठेवते आहे. कारण सांगते. माझा मुलगा बबन आता चोवीस वर्षांचा आहे, आणि पुढच्या निवडणुकीत त्याने उकंडरावांच्या विरुद्ध उभं राहावं, असं लोक म्हणू लागले आहेत. तो अजून हो म्हणालेला नाही.

उकंडराव किन्हीराजाजवळच्या एका खेड्यातले. घरची शेती बेताची, शिक्षण चौथीपर्यंत. तरुणपणी त्यांच्यात लक्षात राहावं असं काही नव्हतं. कुस्ती नाही, भजन नाही, दारूसुद्धा नाही. मग एका वर्षी पटकीची साथ आली. गावात माणसं मरू लागली आणि सख्खे भाऊ भावाच्या प्रेताला हात लावीनात. तेव्हा हा पोरगा घरोघरी जाऊन खांदा देत होता. ही गोष्ट खरी आहे. त्यांच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एवढी एकच मी शपथेवर खरी म्हणेन. त्यांच्या आईने, प्रयागबाईने, मला ती सांगितली. ती बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर टेकायला येते.

माझे पती मालेगावात डॉक्टर होते. १९५० च्या थंडीत ते गेले. अकोल्याचे आमचे नातेवाईक पोचायच्या आत उकंडराव आले. त्यांनी बांबू आणवले, दोर वळले, पुढचा खांदा धरला. बबन तेव्हा पंधरा वर्षांचा. स्मशानात त्याचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "बाप गेला म्हून आपलं कोनी नाई असं समजू नोको. मी हाओ ना." मुलाने ते शब्द मनात जपून ठेवले. मीही त्या वेळी मनातून त्यांना नमस्कार केला होता.

पुढच्या वर्षी निवडणूक जाहीर झाली. आमच्याकडच्या दोन मोठ्या जमीनदार घराण्यांचं तिकिटावरून जमेना. शेवटी दोघांनी मिळून उकंडरावांचं नाव सुचवलं, कारण हा माणूस आपल्या मुठीत राहील असं प्रत्येकाला वाटत होतं. प्रचाराला ते आमच्या गल्लीत आले, माझ्याच ओट्यावर उभे राहिले, बबनच्या डोक्यावर हात ठेवला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "डॉक्टरसायबानं माह्या मांडीवर प्राण सोडला." डॉक्टरांनी प्राण सोडला तो माझ्या मांडीवर. मी दारातच उभी होते. लोक डोळे पुसत होते. मी काही बोलले नाही, कारण बबनही डोळे पुसत होता.

त्या निवडणुकीत त्यांना खरा हात दिला तो हेमला नाईकाच्या तांड्याने. हा बंजाऱ्यांचा तांडा गावाबाहेर माळावर आहे. तांड्याचा नाईक एकदा बोलला की सगळी मतं एकाच पेटीत पडतात. तेव्हा पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची. तांड्याच्या बाया उकंडरावांच्या पेटीला आधी हात जोडत आणि मग कागद आत टाकत, असं मतदानाला बसलेल्या आमच्या शाळेच्या गुरुजींनी हसत सांगितलं. बायांना हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. उकंडरावांनी त्यांना विहीर कबूल केली होती. उन्हाळ्यात त्या नाल्याच्या वाळूत झिरे खणत आणि वाटीवाटीने घागर भरत. गावच्या विहिरीवर त्यांना गावाचं भरून झाल्यावर जागा मिळे, आणि चैत्रानंतर गावाचंच भरून होत नसे.

उकंडराव नागपूरच्या विधानसभेत गेले. पाच वर्षांत तिथे ते एकदाच उठून बोलले. अकोल्याच्या मोटारीला रस्त्यात एक थांबा द्यावा, ही त्यांची मागणी होती. थांबा मिळाला. तो त्यांच्या शेताच्या बांधावर आहे. आसपास घर नाही, देऊळ नाही. मोटार तिथे थांबते, त्यांचा सालदार भाजीच्या टोपल्या चढवतो आणि मोटार पुढे जाते. रॉकेलचा परवाना पुतण्याला मिळाला. घराला माडी चढली. विहिरीचं विचारायला हेमला नाईक गेला की उकंडराव त्याला शेजारी बसवून चहा पाजत, त्याच्या बैलाची चौकशी करत, बैलाचं नाव घेऊन करत. हेमला चहा पिऊन परत येई.

१९५७ ची निवडणूक आली तेव्हा राज्य बदललं होतं, विधानसभा मुंबईला गेली होती. तांड्याच्या पंचांची बैठक बसली आणि हेमलाने निरोप धाडला की या वेळी चहा नको. पोहरादेवीला या, आमच्या सेवालाल महाराजांच्या गादीपुढे बोला, मग मतं मिळतील.

बबन त्याच वेळी अमरावतीहून बी.ए. होऊन आला होता. अकोल्याच्या एका शाळेत त्याला नोकरी मिळत होती. मी त्याचे कपडेसुद्धा बांधून ठेवले होते. पण उकंडरावांची जीप दारात आली आणि तो तिच्यात बसला तो महिनाभर उतरलाच नाही. सभा, गावं, रात्रीचे मुक्काम. मी बोलले की म्हणे, आई, बाबा गेले तेव्हा कोण आलं होतं?

पोहरादेवीला जायच्या दिवशी सकाळी उकंडरावांना ताप भरला. त्यांनी बबनला बोलावून सांगितलं, तू जा, तू म्हणजे मीच. बबन गेला. गादीपुढे उभं राहून त्याने सांगितलं की उकंडराव निवडून आले की दोन उन्हाळ्यांच्या आत तांड्यावर विहीर होईल.

हेमलाने विचारलं, "कोन बोलून राह्यला?"

"मी. उकंडरावांच्या वतीने."

"येथं दुसऱ्याच्या वतीनं कोनी बोलत नाई, भाऊ. जो बोलते, तोच बोलते."

बबनला वाटलं, भाविक म्हाताऱ्याची ही बोलायची तऱ्हा असेल. तो बरं म्हणाला, प्रसाद घेतला आणि आनंदाने परत निघाला. त्याच संध्याकाळी मालेगावात एक लग्न होतं. मी बायकांच्या पंगतीत होते. समोरच्या पंगतीत उकंडराव बसले होते. त्यांनी बुंदी दोनदा मागून घेतली. त्यांच्या अंगात ताप असल्यासारखं मला तरी दिसलं नाही.

ते निवडून आले. चैत्रात हेमला, त्याची बायको नानीबाई आणि तांड्याची आणखी काही माणसं माझ्या अंगणात येऊन बसली. मी पाणी दिलं. तांब्या हातात घेऊन नानीबाई बराच वेळ पाण्याकडेच बघत राहिली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. हेमला मला तेच म्हणाला.

"याडी, पोराले न्यायले आलो."

मी म्हटलं, आमदाराकडे जा.

"आमदारानं आमाले काय देल्लं? चहा देल्ला. शब्द तुया पोरानं देल्ला."

मी त्याला समजावलं की बबन निरोप्या होता, निरोप्याचा त्यात काय दोष. हेमलाने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की त्यांच्या तांड्यात निरोप्या असा कुणी नसतो. गादीपुढे ज्याचं तोंड उघडलं, शब्द त्याच्या गळ्यात. उकंडराव तांड्याच्या शेजारी वाढलेले आहेत, लहानपणी त्यांच्या पंचांत येऊन बसायचे. त्यांना हे माहीत आहे. एवढं सांगून तो बबनकडे वळला आणि वाट बघू लागला. रागावलेला नव्हता तो. वसुलीला आल्यासारखाही नव्हता. घरचा माणूस न्यायला आल्यासारखा बसला होता, आणि मला त्याचंच भय वाटलं.

बबन मुंबईला गेला. आमदारांच्या खोलीत उकंडराव खाटेवर पाय चेपून घेत पडले होते. त्यांनी त्याला जेवू घातलं, माझी चौकशी केली आणि हसून म्हणाले, "अरे बबन, शपथ म्या घेतली का तू? मले तेथचा रिवाज मालूम नाई का? मालूम हाये म्हून तं तुले धाडलं."

हे बबनने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याचा आवाज अगदी सपाट होता. मला मनातून बरं वाटलं. वाटलं, सुटला पोरगा. आता अकोल्याला जाईल, मुलांना शिकवील. दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर राहायला गेला.

सरकारी मदतीसाठी त्याने किती कचेऱ्या पालथ्या घातल्या ते इथे सांगत नाही. थोडी सुरुंगाची दारू मिळाली, बाकी तांड्याचे हात. माळ सगळा काळ्या दगडाचा. मी दर पंधरवड्याला बैलगाडी करून जात असे. सुरुंग लावला की सगळे लांब पळत, आणि मी नानीबाईच्या झोपडीत कानावर हात ठेवून बसे. एकदा दगडाची कपची उडून बबनच्या भुवईवर लागली. अजून व्रण आहे. डोळा थोडक्यात वाचला.

त्याच वर्षीच्या थंडीत लखमा गेला. हा हेमलाचा धाकटा भाऊ. खाली दगड भरत होता, दोर तुटला आणि भरलेली टोपली त्याच्यावर पडली. त्याच्या बायकोचं, सुंदरबाईचं, मूल तेव्हा अंगावर पीत होतं. बबनने खांदा दिला. तिथून तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दोन दिवस त्याने पाण्याखेरीज काही घेतलं नाही. मी ताट घेऊन बसायची आणि ते तसंच उचलायची. तेव्हा मला त्याची काळजी वाटली होती. आज वाटतं, तोवर तो माझा मुलगा होता.

उकंडरावही लखमाच्या मयतीला आले होते, हे सांगायला हवं. जीपमधून उतरून त्यांनी सुंदरबाईला विचारलं, लेकराचं नाव काय ठेवलं.

१९५८ च्या वैशाखात पाणी लागलं. दुसऱ्याच दिवशी उकंडराव नारळ आणि अकोल्याचा एक फोटोवाला घेऊन हजर झाले. हेमला त्यांना आडवा गेला नाही. दारी आलेल्याला पाणी द्यायचं ते त्याने दिलं. उकंडरावांनी नारळ फोडला, बबनच्या खांद्यावर हात टाकला, फोटो निघाला. पुढे तो एका साप्ताहिकात छापून आला आणि खाली आमदारांच्या प्रयत्नांचं कौतुक होतं. लखमाचं नाव त्यात नव्हतं. आता ते प्रत्येक सभेत या विहिरीची गोष्ट सांगतात, आणि मी ऐकलं आहे की सांगताना त्यांचा गळा भरून येतो.

यंदा दसऱ्यानंतर हेमला पुन्हा माझ्या अंगणात आला. बरोबर दोन-चार गावांची माणसं होती. म्हणाला, पुढच्या खेपेस बबनराव उभे राहतील. बबनने हात जोडून नाही म्हटलं. मी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला.

त्यानंतरच्या बाजाराला प्रयागबाई आली. तिच्या मुलाबद्दल माझं जे मत होतं ते मी तिला तोंडावर सांगितलं. माझ्या मुलाला त्यांनी कसं पुढे केलं, तेही सांगितलं. तिला राग आला नाही. पानाला चुना लावत ती म्हणाली, "माहा उकंडा पयलेपासून असा नोता, बाई. पटकीच्या साली मौतीहून ये, तं दोन दोन दिस जेवे नाई. म्या घास भरवले त्याले. मंग हळूहळू जेवाले लागला. आता येते अन् आल्या आल्या ताट मांगते." पान तोंडात टाकून ती म्हणाली, "म्या तवाच वळखलं, हा आता माहा नाई राह्यला."

मी तिला चहा केला. दुसरं काय करणार.

कार्तिकात बबन एका मयतीला गेला. मी विचारलं, कोण होतं? म्हणाला, ओळखीचे होते. मग आणखी एकाच्या. मग कुठल्या तरी गावच्या पाटलाच्या सासऱ्याच्या, ज्याचं नावसुद्धा त्याला जाताना वाटेत विचारून घ्यावं लागलं. नाव मात्र तो विसरत नाही. घरात कोण आहे, मुलगी कुठे दिली, बैल कोणता मेला, सगळं त्याच्या लक्षात राहतं. परवा एका म्हाताऱ्याच्या दारात उकंडरावांची जीप आणि बबनची सायकल एकाच वेळी पोचली. पुढचा खांदा बबनला मिळाला. मला हे त्याच्याबरोबर गेलेल्या पोरांनी सांगितलं, कुस्ती जिंकल्यासारखं सांगितलं.

तो अजूनही हो म्हणालेला नाही, आणि मी विचारायचं सोडून दिलं आहे. परवा तो त्या मयतीहून आला, आडावर डोक्यावरून पाणी घेतलं, धोतर बदललं आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

"आई, वाढ लवकर. भूक लागली."

मी भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली. तो जेवत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते. मधेच मान वर करून त्याने कांदा मागितला.