चाळीस यार्ड

माझ्या तोंडाला आवर नाही, हे आधीच सांगून टाकतो. समोरचा चुकतोय असं दिसलं की मला गप्प बसवत नाही. ऑस्ट्रेलियात क्लेटनला शिकायला आलो तेव्हा जो रूममेट मिळाला, तो आज वीस वर्षांनीही दोन गल्ल्या सोडून राहतो. या वीस वर्षांत आम्ही कशावर भांडलो नाही, ते आठवावंच लागेल.

ही गोष्ट घडली त्या वर्षी भांडणाचा विषय होता अमेरिकेतल्या कॉलेजचा एक पोरगा. माझ्या ह्या मित्राचा पुतण्या तिकडे शिकायला गेला आणि ह्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लावून बसला. त्या खेळात रनिंग बॅक म्हणजे बॉल काखेत मारून अंगावर येणाऱ्यांच्या गर्दीतून सुसाट सुटणारा गडी. ह्याचा लाडका गडी म्हणे चाळीस यार्ड सव्वाचार सेकंदांत पळायचा. त्यांच्या मॅचेस आपल्याकडे रविवारी सकाळी लागतात. बायको शिफ्टला गेली की हा मला चहाला बोलवायचा आणि आमची जुंपायची.

त्या रविवारी दार उघडलं तेव्हाच त्याचा चेहरा उतरलेला होता. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी आता म्हणू शकत नाही.

"पित्त झालंय रे," तो म्हणाला. "काल रात्रीपासून छातीत जळजळतंय. हा खांदापण धरलाय."

"मिसळ कोणी खाल्ली तीन वाट्या? घे गोळी," मी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

आपल्याकडे छातीत काहीही झालं की ते पित्तच असतं. माझे वडील तेच म्हणायचे, त्याचेही तेच म्हणायचे. त्याने गोळी घेतली, वर थंड दूध प्यायला. मी मात्र आदल्या दिवशी केलेली तयारी काढली. मी टेस्टिंगमधला माणूस, चुका काढायचा पगार घेतो. त्या गड्याच्या धावेचा व्हिडिओ मी एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजला होता. "हे बघ, ह्याचं पहिलं पाऊल पडलं आणि मग कोचने घड्याळ दाबलंय. साडेचारच्या आत येतच नाही तो. तुझा हीरो सगळा हवेतला आहे."

"एवढ्याशा फरकाने काय होतं?"

"काय होतं? पळून बघ म्हणजे कळेल. तुला तरी सातात जमतंय का बघू!"

तो हसला, पण उठला नाही. "आज नको. खरंच बरं वाटत नाहीये."

"झाले बहाणे सुरू," मी म्हटलं.

हे वाक्य मी किती वेळा मनात परत गिळलंय, काय सांगू.

घरामागच्याच ओव्हलवर, म्हणजे मैदानावर, क्रिकेटचं सिमेंटचं पिच होतं. बावीस यार्डांचं एक पिच, दोन पिचं वजा चार यार्ड, असा हिशेब करून मी पावलांनी अंतर आखलं, दोन्ही टोकांना चपला ठेवल्या. वारा गार होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. मी फोनवर घड्याळ लावलं आणि ओरडलो, "पळ!"

तो पळाला. शेवटची दहा पावलं तो पळत नव्हता, नुसता पुढे पडत होता. मी स्क्रीन बघत होतो.

"आठ पॉइंट एक! बघ, आता कळला फरक?"

तो गवतावर बसला होता. ओठ पांढरे. "पित्त वर येतंय," म्हणाला.

"ढेकर येऊ दे, बरं वाटेल." मी पाठीवर थोपटत राहिलो. पाणी दिलं. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही माझी बडबड चालूच होती, कोचचं घड्याळ कसं उशिरा सुरू झालं त्याची. शेवटी कुत्र्याला फिरवायला आलेली एक बाई थांबली. "मेट, ही डझन्ट लुक राइट," म्हणाली आणि मला न विचारता तिनेच ॲम्ब्युलन्स बोलावली. तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं.

ॲम्ब्युलन्समधून उतरलेल्या पोरीने त्याला मास्क लावला, छातीवर वायरी चिकटवल्या आणि मला विचारलं, दुखायला कधी लागलं?

"जस्ट नाऊ," मी म्हटलं. "पळाल्यावर."

कारण आदल्या रात्रीपासून म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग ह्याला पळवलं कोणी?

त्याने मास्क बाजूला ओढला. माझ्याकडे बघत, एकेका शब्दाला थांबत म्हणाला, "नाही रे... काल रात्रीपासून... सांग तिला." बोलला तो मराठीत.

"व्हॉट्स ही सेइंग?"

"ही वॉन्ट्स वॉटर," मी म्हटलं.

तिने मान हलवली, आत्ता पाणी देता येणार नाही म्हणाली आणि मास्क परत बसवला. त्याने डोळे मिटले. त्याला गाडीत चढवलं, दार लागलं. मी तिथेच उभा राहिलो. दार ठोकायला हात उचलला, तोवर गाडी निघाली होती.

तो वाचला. हृदयाचा एक भाग कायमचा गेला, दुखणं बराच वेळ अंगावर काढलेलं दिसतंय, असं डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणाले. मी शेजारीच उभा होतो आणि मान डोलावत होतो. आता जिना चढताना तो मध्ये दोनदा थांबतो, आणि मी कुठल्याच गोष्टीवर त्याच्याशी भांडत नाही. ह्याला काय झालंय, असं तो बायकोला विचारतो.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. पाहुण्यांना तो ही गोष्ट रंगवून सांगत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मला तर नीट बोलतापण येत नव्हतं. हा होता म्हणून बरं. ह्याने त्या पोरीला सगळं इंग्लिशमध्ये समजावून सांगितलं."

त्याच्या बायकोने माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. मी ती खाल्ली.