सरकून गेलेला तास

नात्याने त्या एकाच मुलीच्या आत्या. परंतु अवघ्या क्रीडासंकुलात त्यांना 'आत्या' याच नावाने ओळखत. भाची अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारी, नावारूपाला आलेली व्यावसायिक खेळाडू. ती तशी हाक मारी म्हणून संघातले उरलेले सहा जण मारू लागले. त्यांचे ऐकून प्रशिक्षक. आणि प्रशिक्षकांचे ऐकून फाटकावरचा पहारेकरी, जो आत्यांहून निदान पंधरा वर्षांनी वडील होता. आत्यांनी या नातेवृद्धीला कधी हरकत घेतली नाही.

त्यांचा स्वतःचा खेळाशी संबंध बेताचाच. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बस पकडण्यासाठीसुद्धा त्या धावल्या नव्हत्या. एक गेली तर दुसरी येते, अशी त्यांची प्रसन्न श्रद्धा. उपजीविका होती मोबाइलच्या पडद्याची रचना करण्याची. कोणते बटण कुठे असावे, कोणते अक्षर केवढे असावे, माणसाचा अंगठा न ताणता कुठवर पोचतो, याचे चिंतन हे त्यांचे नित्यकर्म. दंतवैद्यांच्या वेळा ठरवणारे एक ॲप आणि एका ग्रंथालयाचे दुसरे, ही त्यांची आजवरची कीर्ती. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चार टेबले होती, पाणी तापवण्याची किटली होती, आणि एक संपूर्ण भिंत पिवळ्या चिकट कागदांनी आच्छादलेली होती. खिडकी उघडली की ती भिंत एखाद्या पर्णकुटीसारखी सळसळे.

तिसरे काम भाचीमुळे आले. एका सुटीच्या दिवशी भावाकडे सगळे जेवत असताना ती म्हणाली, "आत्या, माझा दिवस कुणीतरी सांभाळायला हवा गं. सकाळी सराव, मग मालिश, मग आहारतज्ज्ञ, मग जाहिरातवाल्यांचं शूटिंग, मग परत सराव. काल वजन करायला गेले, तर तिथे आठवलं की दात दाखवायचे राहिले!"

"राहिले? आमच्यावर तर रोज विचकतेस," तिचे वडील म्हणाले.

हसणे झाल्यावर वहिनींनी मात्र खरी गोष्ट काढली. उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारे अधिकारी पूर्वसूचना न देता येतात. त्यासाठी प्रत्येक खेळाडूने दररोजचा एक तास आणि एक ठिकाण तपासणी कार्यालयाला आगाऊ कळवायचे, आणि त्या तासात तेथे सापडायचे. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाही, तर अंगात काही दोष नसतानाही दीर्घ बंदी. भाचीचे दोनदा चुकले होते. एकदा परतीची गाडी चुकली. एकदा दारावरची घंटा बिघडलेली, आणि आत ही गाढ झोपेत.

"तिसऱ्यांदा चुकणार नाही," आत्या म्हणाल्या. "मी करते तुझं ॲप. तू फक्त धाव. बाकी काही लक्षात ठेवायचं नाही."

यानंतर आत्यांनी जे केले त्याला तपश्चर्या म्हणणे अतिशयोक्त ठरू नये. हातात वही घेऊन त्या तीन आठवडे सात खेळाडूंच्या मागे फिरल्या. खेळाडूंचा फोन सरावाच्या वेळी कपाटातल्या बुटात निद्रिस्त असतो, हे त्यांनी टिपले. गोळाफेक करणाऱ्या धिप्पाड गृहस्थांना त्यांनी विचारले, "दुपारी दोन ते साडेतीन तुम्ही रिकामे दिसता?"

"रिकामा कसला, आत्या! तेव्हा मी झोपतो."

"तेच म्हणते मी."

"अहो, झोपणं हे कामच आहे माझं. कमी झोपलो तर सर ओरडतात."

आत्यांनी निद्रेची नोंद 'काम' या सदरात केली. अशा शेकडो नोंदींतून जे ॲप साकारले, त्यातील एका सोयीचा त्यांना विशेष अभिमान होता. तिला त्या 'माळ' म्हणत. दिवसातली सगळी कामे एका सूत्रात ओवलेली; सरावाची वेळ बदलली की मालिश, न्याहारी, निद्रा, सारे त्याच अंतराने आपोआप पुढे किंवा मागे सरकायचे. एकेक वेळ बदलत बसण्याची कटकट नाही. बदललेला तास तपासणी कार्यालयाला कळवणारी जोडणी तेवढी व्हायची होती. ती पुढच्या महिन्यात होणार होती.

प्रशिक्षकांनी चष्मा कपाळावर चढवून सगळे पाहिले. "आत्याबाई, देखणं आहे. पोरं वापरतील तर खरं. महिनाभर बघू."

तीन आठवडे निर्विघ्न पार पडले. चौथ्या आठवड्यात ऊन एकाएकी एवढे तापले, की प्रशिक्षकांनी एका संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा सराव साडेसातऐवजी सहाला ठेवला. आपल्या फोनवर त्यांनी बोट फिरवले आणि माळ दीड तासाने मागे आली. एवढ्या विनासायास काम झाले, की त्यांनी स्वतःच्या बोटाकडे कौतुकाने पाहिले, असे ते पुढे सांगत.

सकाळी सव्वासहाला आत्या गॅलरीत चहा घेऊन बसल्या आणि सहज सात खेळाडूंची पाने चाळू लागल्या. सहा जणांच्या पानांवर नेहमीप्रमाणे एकही खूण नव्हती. खुणा करण्याचा यांना आळस, अशी आत्यांची समजूत. भाचीचे पान मात्र आदर्श. उठले, खूण. पाणी प्याले, खूण. 'तपासणीचा तास, घरी, साडेचार ते साडेपाच', खूण.

आत्यांचा पेला ओठांशीच थांबला. तपासणीचा तास रोज सहा ते सात असे. साडेचार कुठून आले?

कुठून आले ते त्यांच्याइतके अन्य कोणाला ठाऊक असणार? माळेबरोबर तो तासही सरकला होता. सरकला होता तो केवळ त्यांच्या पडद्यावर. कार्यालयाच्या दप्तरी सहा ते सात जागचे हललेले नव्हते. भाची पहाटे साडेचारपासून तासभर जांभया देत निष्ठेने घरी बसली, आणि आता, ज्या तासात घरी असायला हवे त्याच तासात, मैदानावर होती.

भाचीचा फोन लागला नाही. तो बुटात असणार. त्यांनी भावाला लावला.

"दादा, दारावर कुणी आलंय का?"

"आत्ताच आल्या एक बाई. हातात पेटी आहे. मी म्हटलं, ती सरावाला गेली. त्या म्हणतात, सातपर्यंत थांबते. काय गं, काय झालं?"

"त्यांना बसव. पाणी दे. गप्पा मार."

"काय गप्पा मारू? त्या हसतसुद्धा नाहीत!"

आत्यांचे घर मैदानामागच्या दुसऱ्याच गल्लीत. त्या जिना उतरल्या आणि आयुष्यात प्रथमच धावल्या. घरातल्या सपाता, विस्कटलेले केस आणि हातात अद्यापि चहाचा पेला. पहारेकऱ्याने शिस्तीने पास मागितला. "आत्या आहे मी!" एवढेच त्यांना उच्चारता आले. तो म्हणाला, "हो, पण पळताना कधी पाहिलं नव्हतं."

भाची तेव्हा अडथळ्यांवरून उड्या घेत होती. प्रशिक्षक हात आडवा करून म्हणाले, "ही फेरी होऊ द्या, आत्याबाई." आत्यांनी तो हात बाजूला सारला आणि धावपट्टीवर जाऊन सरळ एका अडथळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आत्या! पडले असते ना मी!"

"घरी जा. तपासणीवाल्या आल्यात. तास सहा ते सातच आहे. चूक माझी आहे, सगळी माझी. जा!"

भाचीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मला वाटलं, तू त्यांना कळवलं असशील," एवढे ती बोलली. मैदानावरच्या घड्याळात सहा एकोणचाळीस. घर तीन किलोमीटरवर. प्रशिक्षक स्कूटरची किल्ली शोधू लागले. एका खिशात शिट्टी निघाली, दुसऱ्यात रुमाल. तेवढ्यात भाचीने खिळ्यांचे बूट काढून साधे चढवले आणि ती फाटकाबाहेर पडलीदेखील. स्कूटर सुरू होऊन आत्या मागे बसेपर्यंत रस्त्यावर तिचा मागमूस नव्हता. पहिल्या सिग्नलला लाल दिव्याने अडवले तेव्हा ती दूर ठिपक्याएवढी दिसली, दुसऱ्याला तीही नाही.

"काय वेग धरलाय!" प्रशिक्षक कृतार्थ होऊन म्हणाले. "सरावात असं धावायला काय होतं हिला?"

"सर, पुढे बघा," आत्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते वाऱ्याने नव्हे.

ही दोघे घरी पोचली तेव्हा अधिकारी बाई कागदावर वेळ लिहीत होत्या: सहा वाजून बावन्न मिनिटे. भाची सोफ्यावर घामाने निथळत, पण हसत बसली होती. चाचणी चुकली नव्हती.

राहिला प्रश्न लघवीच्या नमुन्याचा. एवढे धावून आलेल्या शरीरात द्यायला काही उरलेच नव्हते. बाईंच्या नजरेसमोरून क्षणभर दूर व्हायचे नाही, अशी नियमाची आज्ञा. म्हणून भाची सोफ्यावर बसून पेल्यामागून पेला पाणी रिचवत राहिली, आणि बाई समोर निर्विकार मुद्रेने बसून राहिल्या. आत्यांनी त्या वेळात एक कर्तव्य उरकायला घेतले. उरलेल्या सहा जणांचेही तास सरकले असणार. त्यांना सावध करायला हवे.

प्रथम गोळाफेकवाले. "कोणता तास, आत्या? माझा रात्री नऊचा आहे. आरशावर कागद लावलाय मी."

"पण ॲपमध्ये—"

"रागावणार नाही ना? ते मी दुसऱ्याच दिवशी बंद केलं. दिवसाला एकेचाळीस वेळा वाजायचं हो!"

लांब उडीवाली म्हणाली, "माझ्या फोनमध्ये जागा होत नव्हती, आत्या. काहीतरी काढायला हवं होतं, मग..." तिने वाक्य पुरे केले नाही. तिसऱ्याने कधी घेतलेच नव्हते. चौथा तर विचारता झाला, "कोणतं ॲप?"

आत्यांनी फोन खाली ठेवला. खुणांचा आळस कोणालाच नव्हता. तीन आठवडे एकाच व्यक्तीने ते ॲप वापरले होते, प्रत्येक खूण इमानाने केली होती, आणि त्यामुळेच आज ती एकटी बुडण्याच्या बेतात आली होती.

"तुला त्रास नाही झाला, इतकं वाजत होतं तर?" त्यांनी भाचीला विचारले.

"झाला की."

"मग बंद का नाही केलंस?"

भाचीने पाण्याचा घोट घेतला. "तू केलं होतंस ना."

पावणेदहाच्या सुमारास नमुना मिळाला, बाटल्यांना सील लागले, सह्या झाल्या, आणि अधिकारी बाई जाताना, काय आश्चर्य, किंचित हसल्या.

दार लागताच आत्या म्हणाल्या, "सर, हे सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकूया."

"सगळ्यांच्या म्हणजे हिच्याच," प्रशिक्षक म्हणाले.

आत्यांनी स्वतःच्या हाताने ते काढले. मग दादांच्या टेबलावरचे कागद आणि पेन उचलून भाचीसमोर बैठक मारली. "आता नीट ऐक. नवीन करायचं तर एका अटीवर. मायेपोटी काही चालवून घ्यायचं नाही. जे खटकलं ते तोंडावर सांगायचं."

"तोंडावर?"

"तोंडावर."

"रडणार नाहीस?"

"रडले तरी थांबू नकोस."

भाची मांडी घालून सावरून बसली. "मग लिही. पहिलं, तो तास. त्याला कुणी हात लावायचा नाही. सरांनी नाही, मी नाही, आणि तू तर मुळीच नाही. दुसरं, पाणी प्यालं की खूण कशाला? तहान लागली की पिते मी. तिसरं..."

तीन आठवडे गिळून ठेवलेले सगळे बाहेर येऊ लागले. वहिनींनी न्याहारी आणून ठेवली, ती तशीच निवत राहिली. अकराव्या क्रमांकावर, आत्यांनी चार दिवस खपून निवडलेल्या हिरव्या रंगाला शेवाळाची उपमा देण्यात आली. आत्यांचे पेन किंचित थबकले. मग त्यांनी तोही शब्द, जसाच्या तसा, लिहून घेतला आणि विचारले, "पुढे?"