रिकामं वजन

तिला सगळे काटावाली म्हणतात. खाणीच्या रस्त्यावर, वस्ती संपते तिथून पुढे, डंपर तोलायचा वजनकाटा आहे आणि काट्याला लागून पत्र्याची केबिन. लग्न झालं तेव्हा नवऱ्याने तिला त्या केबिनीत बसवलं. ‘दोन दिवस बस, माणूस मिळेपर्यंत.’ त्याला आता एकवीस वर्षं झाली. माणूस काही मिळाला नाही.

काट्याचं काम तसं सोपं. डंपर आधी रिकामा चढतो, मग खडी भरून चढतो, दोन्हीतला फरक म्हणजे माल. ड्रायव्हर मात्र रिकामं वजन द्यायला कुरकुरतात. “काकी, काल तर केलं. गाडी काय रात्रीतून बाळंत होते का?” काटावाली खिडकीतून नुसता हात हलवते. चढव. रिकामं वजन फुगवून माल कमी दाखवायला एकाने टाकीत पाणी भरून आणलेलं, एकाने सीटखाली दगड ठेवलेले. तोंडी शब्दावर तिने एकही गाडी सोडलेली नाही, आणि त्यामुळेच तिच्यावर खार खाऊन असलेली माणसं कमी नाहीत. एकदा केबिनीची काच फुटली. एकदा दोघं दारात उभे राहून म्हणाले, “वजन नीट लिहीत जा, एकटी बसतेस.”

त्यानंतर नवऱ्याने रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं. शर्टाखाली कमरेला असायचं, त्याने ते कधी कुणाला दाखवलंसुद्धा नाही. पण ते आहे हे रस्त्याला कळलं आणि दारात उभं राहणं थांबलं.

गेल्या वर्षी नवरा गेला. रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं, आणि परवान्यासाठी दोन अर्ज गेले. एक तिचा, एक धाकट्या दिराचा. दोघांतल्या एकालाच मिळणार होतं. दिराला मिळालं तर ते त्याच्या घरी जाणार आणि ती केबिनीत पुन्हा एकटी. दाराशी उभे राहणारे परतही आले होते. अजून बोलले नव्हते, फक्त उभे राहून गेले होते.

“वहिनी, तुम्ही आकडे लिहा,” दीर म्हणाला. “हे बायकांचं काम नाही. गरज पडली तर फोन करा, मी आहे ना.”

“भाऊजी, तुम्ही फोन कधी उचलता?”

तपासणीला पोलीस ठाण्यातले साहेब आले. सकाळी दिराचं घर बघून झालं होतं. तिथे रिव्हॉल्व्हर ठेवायच्या कपाटाची किल्ली घड्याळामागे लटकत होती. “आमच्याशिवाय कुणाला माहीत नाही,” असं दीर म्हणाला, आणि पाहुणी आलेली मेहुणी न विचारता किल्ली काढून घेऊन आली. आता दुपारी साहेब केबिनीत, आणि दीरही सोबत. साहेबांनी बॅगेतून रिव्हॉल्व्हर काढलं.

“रिकामं आहे. मी स्वतः बघितलंय. कसं हाताळता ते दाखवा.”

दिराने ते उचललं, एक डोळा मिटला आणि खिडकीवर नेम धरला. खिडकीबाहेर एक ड्रायव्हर काच पुसत होता. तो फडक्यासकट खाली बसला. साहेबांनी दिराचं मनगट धरून टेबलाकडे वाकवलं.

मग तिची पाळी. टेबलावर खडीचे नमुने तोलायचा छोटा काटा होता. तिने नळी भिंतीकडे ठेवून रिव्हॉल्व्हर त्यावर ठेवलं, आकडा वाचला. मग उचललं, बोट घोड्यापासून लांब ठेवून चक्र बाहेर काढलं आणि सहाही भोकं उजेडाला धरून पाहिली.

“सातशे. रिकामं आहे.”

“मी तेच म्हणालो होतो की,” साहेब म्हणाले.

“म्हणालात साहेब. ड्रायव्हरही म्हणतात.”

बाहेरचा ड्रायव्हर खोकला.

“आणि ठेवणार कुठे? पर्समध्ये?”

“पर्स खुर्चीला लटकते आणि मी खुर्चीतून दहा वेळा उठते. अंगावर, नाहीतर पेटीत. तिसरी जागा नाही.” तिने टेबलाखाली फरशीत बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी दाखवली. काडतुसांची पेटी वेगळी, समोरच्या भिंतीत. दोन्हींच्या किल्ल्या तिच्या कमरेच्या साखळीला.

“सातशे म्हणजे रिकामं, हे कशावरून?”

तिने खालच्या खणातून वही काढली. नवरा आजारी होता ती दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तो खाटेवरून चक्र उघडून दाखवायचा आणि ती हा छोटा काटा घरी नेऊन तोलायची, लिहायची. तिला लिहायची एकच पद्धत ठाऊक होती, म्हणून वहीत डंपरचेच रकाने होते. गाडी: रिव्हॉल्व्हर. चालक: नवऱ्याची सही. रिकामं वजन: सातशे.

साहेबांना हसू आलं. ते पानं उलटत गेले. सातशे, सातशे, सातशे. एका पानावर थांबले. लाल पेनाने गोल केलेला आकडा होता, सातशे अकरा.

“हे काय?”

तिने दिराकडे पाहिलं नाही. “त्या दिवशी ते घराबाहेर गेलं होतं साहेब. परत आलं तेव्हा रिकामं आहे म्हणून सांगितलं. काट्याला अकरा ग्रॅम जास्त आले. उघडलं तर एक काडतूस आत होतं.”

“बाहेर कोण घेऊन गेलं?”

दिराची मान हळूहळू खाली गेली. “मी,” तो म्हणाला. “मित्रांना दाखवायला.”

“चूक आमचीही होती,” ती म्हणाली. “तेव्हा ही पेटी घरी होती, किल्ली खुंटीवर असायची. त्या दिवसापासून माझ्या साखळीला आहे. पुढचं पान बघा.”

साहेबांनी पुढचं पान बघितलं, त्यापुढचंही. सातशेच्या खाली-वर काही नव्हतं. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, “ही दोन दिवस मिळेल? ठाण्यातल्या लोकांना दाखवायची आहे.”

“मिळेल. पावती द्या.”

परवाना महिन्याभराने तिच्या नावाने आला आणि ठाण्यातून रिव्हॉल्व्हरही परत मिळालं. आदल्या संध्याकाळी दीर केबिनीत आला होता. भावाचा रिव्हॉल्व्हर अडकवायचा चामडी पट्टा त्याने स्वतःकडे ठेवला होता, तो टेबलावर ठेवला.

“दादाचा आहे. तुमच्या मापाला आणखी दोन भोकं पाडावी लागतील.”

“पाडून आणलीत वाटतं,” ती पट्टा उलटून बघत म्हणाली.

“हो. मोजून पाडलीत.”

“मग बसा. चहा घ्या.”

परवाना आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पेटी उघडली, तोललं, चक्र पाहिलं आणि चालकाच्या रकान्यात पहिल्यांदा स्वतःची सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. ते तसंच राहू दिलं. बाहेर डंपर येऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून तिच्या कमरेचा पट्टा पाहिला आणि टोपी सारखी केली.

“काकी, रिकामाच आहे हो.”

“असू दे. चढव.”

तो मुकाट्याने चढला.