शकुताई आणि न पुसला जाणारा फोल्डर

शकु ओव्हाळ यांना एका जागी बसवत नसे. घाटकोपर पूर्वेच्या एका ट्रस्टच्या अभ्यासिकेत त्या आधी झाडलोटीला लागल्या. पन्नाशीत कॉम्प्युटर शिकल्या आणि मग तिथे अभ्यासाला येणाऱ्यांचे परीक्षेचे फॉर्म त्याच भरू लागल्या. पटपट टाइप करायच्या, मध्येच उठून पंखा बंद करून यायच्या, परत बसायच्या.

त्या दिवशी सपनाचा फॉर्म होता. सपना त्रेचाळीस वर्षांची, खाजगी दवाखान्यात नर्स. सरकारी भरतीची ही तिची शेवटची संधी, पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. फोनवरून कागदपत्रं चढत नव्हती आणि नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे सकाळपासून रांग होती.

तीन वाजता शकुताईंनी जातीचा दाखला स्कॅन केला. मशीन म्हणालं, डिस्कमध्ये जागा नाही.

त्यांनी शोधलं, तर एकच फोल्डर एकतीस जीबी अडवून बसला होता. दोन वर्षांपूर्वी नवीन विंडोज टाकलं, तेव्हा जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाने तसंच राहिलं होतं. त्यांनी डिलीट दाबलं. उत्तर आलं, परवानगी नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. साफसफाईच्या प्रोग्राममध्ये पाहिलं, तर यादीत त्या फोल्डरचं नावच नव्हतं.

त्यांनी ट्रस्टच्या कॉम्प्युटरवाल्याला, नितेशला फोन लावला.

“ताई, फॉरमॅट मारावं लागेल. उद्या येतो.”

“उद्या येऊन काय करशील? हिची तारीख आज आहे. आता काय करायचं ते सांग.”

“चुकलं तर मशीन उठणार नाही.”

“नाही चुकत. तू सांग.”

नितेशने आधी त्या फोल्डरमध्ये कामाचं काही राहिलंय का ते बघायला लावलं. काही नव्हतं. मग हुकूम टाइप करायची काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायला सांगितली. तीन ओळी होत्या: एकीने फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यायची, दुसरीने पूर्ण हक्क द्यायचे, तिसरीने पुसायचं. तो एकेक अक्षर सांगत होता, शकुताईंची बोटं त्याच्या पुढे धावत होती. भिंतीवरचं घड्याळ त्या दर ओळीला बघत होत्या.

पहिली ओळ टाइप झाली. बोट एंटरवर गेलं आणि सपनाने त्यांचं मनगट धरलं.

“ताई, ‘डॉट ओल्ड’ राहिलं.”

ओळीत नुसतं ‘विंडोज’ होतं, म्हणजे मशीन ज्याच्यावर चालू होतं, तेच. शकुताईंनी हात मांडीवर ठेवले.

“तू वाच,” त्या सपनाला म्हणाल्या, “मी सावकाश टाइप करते.”

त्यानंतर एकही ओळ वाचल्याशिवाय गेली नाही. पहिल्या दोन ओळी झाल्या, तेव्हा पडद्यावरून फायलींची नावं भराभर सरकली. तिसरीनंतर पडदा नुसता थांबला. शकुताईंनी खुर्च्या सरळ केल्या, पाण्याची टाकी पाहिली, परत आल्या. चार वाजून दहा. बाहेर जाऊन आल्या. चार वाजून पंचवीस. सपना नखं खात बसली होती. शकुताईंनी तिचा हात तोंडातून काढला आणि तो तसाच धरून ठेवला.

साडेचारला काम थांबलं. दोन फायली तरीही हटल्या नव्हत्या, पण तीस जीबी मोकळे झाले होते.

“राहू दे त्या,” नितेश म्हणाला. “फॉर्म भर.”

दाखला चढला. फोटो मोठा निघाला, तो छोटा केला. सही दोनदा नाकारली गेली. पाचला आठ मिनिटं असताना अर्ज क्रमांक आला. सपनाने तो हातावरच पेनाने लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी नितेश फॉरमॅटची तयारी करून आला. शकुताईंनी त्याला मशीनला हात लावू दिला नाही. वही पुढे सरकवून म्हणाल्या, “कालच्या तिन्ही ओळी आधी लिही. मग त्यातला एकेक शब्द कशासाठी, ते सांग.”